सायलेन्सरच्या पोटात

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका फॅब्रिकेटरकडे मोटारसायकलचा कंपनीने दिलेला जुना सायलेन्सर ग्राइंडरने उभा चिरलेला पाहायला मिळाला. बाहेरून साधा काळा डबा, पण आत पत्र्याच्या भिंतींनी पाडलेले कप्पे, त्यांतून पुढेमागे जाणाऱ्या नळ्या आणि तोंडाशी मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी होती. शेजारीच विक्रीला ठेवलेल्या देखण्या सायलेन्सरमधून मात्र आरपार उजेड दिसत होता. आत फक्त एक सच्छिद्र नळी आणि तिच्याभोवती काचलोकर. गाडीचे रूप बदलण्यासाठी नवा सायलेन्सर घेताना आपण या दोन पोटांमधून एकाची निवड करत असतो.

चार-स्ट्रोक इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेल्या वायूच्याही पुढे दाबाची एक लाट बेंड पाईपमधून, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या नळीतून, धावते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर असतो. नळी जिथे एकदम रुंद होते किंवा संपते, तिथून ही लाट उलटी फिरते आणि परतताना ती कमी दाबाची झालेली असते. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना ती सिलिंडरशी पोहोचली, तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला वाट करून देते. समजा, नळी एक मीटर लांब आहे. जाऊन येण्याच्या दोन मीटरला चार मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात ५,००० आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, १२० अंश फिरतो, तर २,५०० आरपीएमला केवळ ६०. त्यामुळे एकच नळी सगळ्या वेगांना सारखी साथ देऊ शकत नाही. नुसती मोकळी नळी लावून वरच्या आरपीएमला थोडी ताकद मिळालीच, तरी मागे माणूस बसवून पन्हाळ्याचा चढ चढताना कमी आरपीएमचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, कमी पडल्याचे लगेच जाणवते.

‘इंजिनाला थोडे बॅक प्रेशर (धुराच्या वाटेतला अडथळा) लागतेच’ असे गॅरेजमध्ये नेहमी सांगितले जाते. माझ्या मते हे निरीक्षण बरोबर आहे, पण त्याचे कारण चुकीचे दिले जाते. इंजिनाला अडथळा कधीच नको असतो; त्याला वायूचा वेग आणि लाटेची वेळ हवी असते. गरजेपेक्षा जाड नळी बसवली की वायू संथ होतो, लाट क्षीण होते आणि गाडी कमी आरपीएमला मंद पडते. टू-स्ट्रोक गाडीत तर नळीच्या फुगीर आणि मग निमुळत्या होत जाणाऱ्या आकारावरून परतलेली लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात हे तंत्र इतके घोटले, की १९६१ पर्यंत त्यांचे १२५ सीसीचे रेसिंग इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देऊ लागले. म्हणून आरएक्स १००सारख्या गाडीची नळी आवाजासाठी कापणे म्हणजे इंजिनाचाच एक भाग कापणे होय.

मधाच्या पोळ्यासारखी ती जाळी म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंच्या पातळ थरावर विषारी कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड होते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या गाड्यांत ही जाळी कुठे बेंड पाईपमध्ये असते, तर कुठे सायलेन्सरच्या तोंडाशी. ती बेंड पाईपमध्ये असेल, तर तो तसाच ठेवून फक्त मागचा भाग, म्हणजे स्लिप-ऑन, बदलणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

रूपाचेही विज्ञान आहे. बेंड पाईपवर चढणारा सोनेरी-निळा रंग हा रंग नसतोच. उष्णतेने धातूवर ऑक्साइडचा अतिपातळ थर बनतो आणि त्याच्या दोन पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून तो दिसतो. धातू मात्र पारखून घ्यावा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, आणि राजारामपुरी ते रंकाळा एवढ्याच फेऱ्या होत असतील, तर ते पूर्ण वाफ न होता नळीत साचते. क्रोम चढवलेले साधे लोखंड त्यामुळे आतून गंजते. खिशात लोहचुंबक ठेवावे: ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलला ते जवळपास चिकटत नाही.

आवाजाबाबत माझे मत ठाम आहे. दहा डेसिबल वाढ म्हणजे दहापट ध्वनिऊर्जा, आणि सीपीआर रुग्णालयासमोरून जाताना ती कोणाच्या कानांवर पडते, याचा विचार झालाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२)नुसार आवाजाचे नियम मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. काचलोकर काही काळाने जळून उडून जाते, त्यामुळे आज सौम्य वाटणारा सायलेन्सर पुढे कर्कश होतो. ती पुन्हा भरता येईल असे झाकण त्याला आहे का, हे आधीच पाहावे.

बसवताना बेंड पाईप सोडवावा लागलाच, तर इंजिनाच्या तोंडाशी असलेले गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी चकती, नवे घालावे. जुने गॅस्केट नीट बसत नाही, आणि मग परतणारी तीच कमी दाबाची लाट फटीतून बाहेरची हवा आत ओढते. अशा वेळी थ्रॉटल सोडला की न जळलेले पेट्रोल त्या हवेबरोबर तापलेल्या नळीत पेटते आणि फटफट बार निघतात. शिवाय धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फसतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, गरज नसताना पेट्रोल वाढवत राहते.