चिमणीतून काळा धूर आल्यास बर्नरला दोष देण्यापूर्वी

दरवर्षी मृगाचा पाऊस सुरू झाला की कचरा जाळण्याच्या भट्ट्या बनवणाऱ्या आमच्या भांडुपच्या कार्यशाळेतला दूरध्वनी एकाच तक्रारीने वाजू लागतो. चिमणीतून काळा धूर येतो आहे, बर्नर मध्येच बंद पडतो आहे, आजच्या आज माणूस पाठवा. आमचा तंत्रज्ञ अवजारांची पेटी आणि बर्नरचे सुटे भाग घेऊन तारापूरला किंवा पाताळगंगेला जातो, बर्नर उघडतो, साफ करतो, पुन्हा बसवून पेटवतो आणि बहुतेक वेळा त्याला एवढेच आढळते की बर्नरला काहीही झालेले नाही. त्याचा एक दिवस जातो, आपली भट्टी एक दिवस बंद राहते, भेटीचे शुल्क आपल्याला भरावे लागते आणि पुढच्या आठवड्यात धूर पुन्हा येतो. हे माहितीपत्रक त्यासाठीच लिहिले आहे. आपण भट्टी रोज चालवता, त्यामुळे तिच्या भागांची ओळख नव्याने करून देत नाही. धुराचे कारण बहुतेक वेळा बर्नरमध्ये नसून कचरा भरण्याच्या पद्धतीत असते, आणि ते कसे, हे मात्र सविस्तर सांगणे आवश्यक वाटते.

दोन कक्षांच्या भट्टीत कचरा पहिल्या कक्षात जळून संपतो असा समज आहे, आणि सगळ्या गैरसमजांचे मूळ तिथेच आहे. पहिल्या कक्षाला हवा मुद्दाम कमी दिलेली असते. तिथे कचरा तापतो, सुकतो, त्यातून ज्वलनशील वायू सुटतो आणि मागे राख उरते. तो वायू खऱ्या अर्थाने जळतो दुसऱ्या कक्षात, जिथे भरपूर हवा आणि स्वतंत्र बर्नर असतो. म्हणजे पहिला कक्ष धूर तयार करतो आणि दुसरा तो संपवतो. दुसऱ्याला झेपेल त्यापेक्षा जास्त धूर पहिल्याने पाठवला, तर उरलेला चिमणीतून बाहेर पडणार, बर्नर कितीही चांगला असला तरी.

झेपणे म्हणजे काय, याचा हिशेब सोपा आहे. जैववैद्यकीय, म्हणजे रुग्णालयांतल्या, कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पहिल्या कक्षात किमान ८०० अंश सेल्सिअस, दुसऱ्या कक्षात १०५० अंश, त्यात ५० अंशांची सूट, आणि दुसऱ्या कक्षात वायूचा मुक्काम किमान दोन सेकंद असावा लागतो. आता समजा दुसऱ्या कक्षाचे आकारमान दीड घनमीटर आहे. दोन सेकंदांचा मुक्काम हवा असेल, तर त्यातून सेकंदाला पाऊण घनमीटरपेक्षा जास्त वायू जाता कामा नये. वायू दुप्पट झाला की मुक्काम एका सेकंदावर येतो. कक्ष लोखंडाचा आणि विटांचा आहे, तो फुगत नाही. फुगतो तो फक्त वायू.

आता मुख्य चुकीकडे येतो. पाळी संपत आली की दिवसभर साठलेल्या सगळ्या पिशव्या एकदम आत ढकलून दार लावण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ताशी ५० किलोची भट्टी आहे, मग ५० किलो एकदम टाकले आणि तासाभराने पाहिले तर काय बिघडले, असा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. बिघडते ते असे की त्या ५० किलोंतला प्लास्टिक, कापड आणि कागद हा भाग तासभर थांबत नाही. लालबुंद विटांच्या सान्निध्यात तो पहिल्या काही मिनिटांतच पेट घेतो, त्याचा वायू लोंढ्यासारखा दुसऱ्या कक्षात शिरतो, तिथला प्राणवायू संपतो आणि न जळलेला कार्बन काजळी होऊन चिमणीतून निघतो. राहिलेला पाऊण तास भट्टी जवळजवळ रिकामी धगधगत असते आणि इंधन जाळत असते.

या वेळी भट्टीच्या नियंत्रण पॅनेलवर काय दिसते, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्या कक्षाचे तापमान खाली येत नाही, उलट ११०० किंवा ११५० वर चढते, कारण आतमध्ये वायूचा भडका उडालेला असतो. नियंत्रक आपले काम चोख करतो आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान गेल्याबरोबर बर्नर बंद करतो. आपल्या माणसाला एका बाजूला काळा धूर दिसतो, दुसऱ्या बाजूला बंद बर्नर दिसतो, आणि तो आम्हाला कळवतो की बर्नर बंद पडल्यामुळे धूर येतो आहे. वस्तुस्थिती नेमकी उलटी असते: ज्या लोंढ्यामुळे धूर आला, त्याच लोंढ्यामुळे बर्नर बंद झाला. म्हणून आपणास विनंती आहे की दूरध्वनी करण्यापूर्वी पॅनेलवरचा आकडा पाहावा. धूर येत असताना तापमान १०५० च्या बरेच वर असेल, तर कचरा एकदम जास्त पडला आहे. ते ९५० किंवा त्याखाली उतरले असेल, तर कचरा ओला आहे किंवा दुसरा कक्ष पुरेसा तापण्याआधीच भरणा सुरू झाला आहे. तापमान १०५० च्या जवळपास टिकून आहे, भरणाही थोडा आहे आणि तरीही धूर येतो आहे, अशी स्थिती असेल तर दोष यंत्रात असण्याचा संभव आहे. तेव्हा आम्हाला अवश्य बोलवावे.

पावसाळ्यात तक्रारी का वाढतात, तेही याच हिशेबात बसते. कचऱ्याचे पिंप बहुधा शेडच्या कडेला, पागोळ्यांखाली उभे असते, झाकण निघालेले असते, आणि मुंबई-ठाणे-पालघर पट्ट्यातल्या एका सरीत त्यात किती पाणी साठते, हे आपण सर्वच जाणतो. तीस अंशांचे एक लिटर पाणी उकळून त्याची वाफ करायला आणि ती वाफ १०५० अंशांपर्यंत तापवायला सुमारे १,१०० किलोकॅलरी उष्णता लागते. एलपीजीच्या भाषेत कागदावर ते १०० ग्रॅम होतात, पण बर्नरचा स्वतःचा धूरही तितकाच तापवावा लागत असल्यामुळे प्रत्यक्षात जवळपास दुप्पट गॅस जातो. दिवसाला २० लिटर पाणी भट्टीत गेले, तर १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर पाचेक दिवसांत निव्वळ पाणी उकळण्यात संपेल. जुलैमध्ये गॅस जास्त का लागतो, हा प्रश्नही आम्हाला नेहमी विचारला जातो. त्याचे बरेचसे उत्तर त्या पिंपात असते.

इंधनाहून मोठे नुकसान मुक्कामाचे होते. एक लिटर पाण्याची वाफ १०५० अंशांना सुमारे सहा घनमीटर जागा घेते. एका पिशवीतले पाच लिटर पाणी दोन मिनिटांत उडाले, तर ३० घनमीटर वाफ, म्हणजे सेकंदाला पाव घनमीटर, दुसऱ्या कक्षात जास्तीची शिरते आणि वरच्या उदाहरणातला दोन सेकंदांचा मुक्काम दीड सेकंदावर येतो. ओल्या कचऱ्यापुढे मोठमोठ्या यंत्रांनीही हात टेकले आहेत. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने रोज ३०० टन कचरा जाळण्याचा प्रकल्प उभारला गेला, परंतु तिथे येणाऱ्या कचऱ्याचे उष्मांकमूल्य, म्हणजे जळताना त्यातून मिळणारी उष्णता, यंत्राच्या अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाले आणि तो लवकरच बंद करावा लागला. आपल्या भट्टीसाठी मात्र पिंपावर घट्ट झाकण, तळाला निचऱ्याची जाळी आणि डोक्यावर पत्रा एवढे पुरते. हे सामान आम्ही विकत नाही. जवळच्या फॅब्रिकेटरकडून करून घ्यावे.

भरण्याची योग्य पद्धत अशी. दुसरा कक्ष आधी पेटवावा आणि पॅनेलवर १००० च्या पुढचा आकडा स्थिरावल्याशिवाय पहिली पिशवी आत जाऊ नये. ताशी ५० किलोच्या भट्टीत दर दहा मिनिटांनी आठ किलोच्या आसपास भरणा करावा. तासाचे काम तेवढेच होते, पण वायू एकसारखा सुटतो. ओलसर आणि कोरड्या पिशव्या आलटून पालटून टाकाव्यात, म्हणजे एकीची उष्णता दुसरीच्या उपयोगी पडते. पीव्हीसीच्या नळ्या, हातमोजे आणि क्लोरीनयुक्त प्लास्टिक भट्टीत कधीही टाकू नये. नियमांनी त्याला मनाई आहे, शिवाय त्यातून निघणारे आम्ल चिमणीचा पत्रा खाते. काचेच्या कुप्याही वेगळ्या काढाव्यात, कारण काच वितळून जाळीवर बसली की ती छिन्नीनेच काढावी लागते. शेवटच्या भरण्यानंतर हवा देणारा ब्लोअर लगेच बंद करू नये. वीज वाचते खरी, पण मागे राहिलेला निखारा धुमसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट जळलेली राख उपसावी लागते.

यंत्र चालू असताना दार उघडून सळईने ढोसण्याची सवय याहून वाईट आहे. दार उघडले की थंड हवेचा झोत विटांवर येतो, विटांचे पापुद्रे सुटतात, आणि आतली ज्वाला बाहेर येऊन माणूस भाजण्याची शक्यता असते. म्हणून आम्ही दाराला लिमिट स्विचचा अडसर बसवतो: दुसरा कक्ष तापला नसेल तर दार उघडत नाही आणि आधीच्या भरण्यानंतर ठरलेली मिनिटे जाईपर्यंतही उघडत नाही. हा अडसर जाचक आहे, कामाचा खोळंबा होतो, अशी तक्रार आम्ही समजू शकतो. परंतु एका ठिकाणी त्या स्विचची दांडी तारेने बांधून ठेवलेली आढळली, दुसरीकडे तिच्या फटीत चक्क आगपेटी खोचलेली होती, आणि दोन्ही ठिकाणची तक्रार काळ्या धुराचीच होती. अडसर निकामी केलेला आढळल्यास हमीच्या काळातही भेटीचे शुल्क आम्ही आकारतो. याबद्दल काही ग्राहक नाराज होतात, तरी हा नियम आम्ही सोडलेला नाही, कारण त्या दारापुढे उभा राहणारा माणूस आपला असला तरी दार आम्ही बनवलेले असते.

आमची भट्टी इतरांपेक्षा आकाराने मोठी आणि किमतीने जास्त का, असेही विचारले जाते. १९९८ च्या नियमांत दुसऱ्या कक्षातला मुक्काम एक सेकंदाचा होता, २०१६ मध्ये तो दोन सेकंदांचा झाला. तापमान तेच ठेवून मुक्काम दुप्पट करायचा, तर कक्षही दुप्पट करावा लागतो. त्याला पळवाट नाही. तेवढ्याच क्षमतेची भट्टी निम्म्या जागेत बसवून देतो असे कोणी सांगितले, तर त्यांच्याकडून दुसऱ्या कक्षाचे आतले माप लिहून घ्यावे आणि वरचा हिशेब करून पाहावा.

गेल्या काही वर्षांत रचनेत जे बदल आम्ही केले, ते बहुतांशी आपल्याच तक्रारींतून सुचले. वायू आता दुसऱ्या कक्षात सरळ न शिरता कडेने तिरका शिरतो आणि भोवऱ्यासारखा फिरत पुढे जातो, त्यामुळे हवेशी त्याची घुसळण नीट होते. तापमान मोजणारा थर्मोकपल पूर्वी बर्नरच्या ज्वालेजवळ असे आणि खोटा दिलासा देई. आता तो वायू बाहेर पडण्याच्या टोकाला असतो. आतून विटांऐवजी पूर्ण सिरॅमिक फायबर (उष्णता अडवणारे हलके अस्तर) लावावे, भट्टी लवकर तापेल, असा आग्रह होतो. ती लवकर तापते हे खरे, पण तितक्याच लवकर निवते, ओली पिशवी पडली की तापमान कोसळते, आणि सळईचा एक धक्का फायबरला पुरतो. म्हणून आतून विटा आणि त्यांच्या मागे फायबर अशी दुहेरी रचना आम्ही ठेवली आहे. पेटवल्यावर थांबावे लागते ते यामुळेच, आणि तो वेळ दिवसभरात वसूल होतो.

चिमणीच्या आधी वायू पाण्याच्या फवाऱ्याने एकदम थंड करण्याची सोयही त्यातलीच. १९७७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांना कचरा-भट्टीच्या राखेत डायॉक्सिन हे विषारी रसायन सापडले. पुढे असे कळले की वायू ४५० ते २०० अंशांच्या दरम्यान रेंगाळला की हे विष नव्याने तयार होते. दुसऱ्या कक्षात सर्व काही जाळून टाकले, तरी लांबलचक नळीतून वायू सावकाश निवू दिला तर केलेले काम वाया जाते. फवाऱ्याचे नोझल चुन्याच्या क्षारांनी बुजते, ते दर पंधरवड्याला पाहावे.

जुन्या भट्ट्यांनाही दोन जोड बसवता येतात. पहिली, दोन झडपांची भरणपेटी: बाहेरची झडप बंद झाल्याशिवाय आतली उघडत नाही, आठ-दहा किलोंपेक्षा जास्त कचरा तिच्यात मावत नाही, आणि दट्ट्या तो आत ढकलतो. एकदम भरण्याची चूक तिच्यामुळे करताच येत नाही. दुसरी, झिर्कोनियाचा प्राणवायू सेन्सर, जो प्राणवायू कमी होताच ब्लोअरचा वेग वाढवतो. चिमणीतल्या वायूत किमान तीन टक्के प्राणवायू असण्याची अट त्याने सांभाळली जाते. दोन्हींपैकी एकच परवडणार असेल, तर आधी भरणपेटी घ्यावी. लोंढाच मोठा असेल तर एकट्या सेन्सरने तो आवरत नाही.

काहींना आम्ही भट्टी विकत नाही, हेही सांगणे योग्य. सामायिक जैववैद्यकीय प्रक्रिया केंद्र ७५ किलोमीटरच्या आत असेल, तर रुग्णालयाला स्वतःची भट्टी बसवता येत नाही, म्हणून मुंबईतल्या दवाखान्यांनी आमच्याकडे चौकशी करू नये. गृहनिर्माण संस्थांचा स्वयंपाकघरातला ओला कचरा जाळणे म्हणजे पैसे देऊन पाणी उकळणे आहे. त्याला खताचा खड्डा बरा. बाकी ग्राहकांनी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात भट्टीची क्षमता आणि कचऱ्याचा प्रकार काय लिहिला आहे, ते जोडकाम मागवण्यापूर्वी पाहावे. त्याची प्रत आम्हाला लागते.

पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीसाठी एप्रिल अखेरपर्यंत दिवस ठरवून घ्यावा. मे महिन्यात आमची माणसे गावी जातात आणि जूनमध्ये सगळ्यांचे दूरध्वनी एकदम येतात. तपासणीच्या आदल्या दिवशी शेवटचा भरणा दुपारपर्यंत आटोपावा आणि दार मुळीच न उघडता भट्टी रात्रभर निवू द्यावी. विटा हाताला सोसण्याइतक्या थंड झाल्याशिवाय आमचा माणूस आत उतरणार नाही, आणि गरम भट्टीमुळे परत यावे लागल्यास दुसऱ्या फेरीचे शुल्क वेगळे पडेल.