कर्नाक आणि लक्सर: शेजारची दोन मंदिरं, दोन वेगळी कामं

इजिप्तमधल्या लक्सर शहरात, नाईलच्या पूर्व काठावर, आमून देवाची दोन मोठी मंदिरं आहेत. दोन्हीकडे प्रचंड खांब, दोन्हीकडे दुसऱ्या रामसेस राजाचे पुतळे. घरी येऊन फोटो चाळताना गोंधळ होतो तो इथेच.

कर्नाक हे देवाचं राहतं घर. जवळपास 2000 वर्षं राजामागून राजा त्यात भर घालत गेला, त्यामुळे तिथे एकसलग आराखडा शोधू नका. 134 खांबांच्या सभामंडपात मधले बारा खांब सुमारे 21 मीटर उंच आहेत. सगळे तिथेच माना वर करून थांबतात. पण पहिलं प्रवेशद्वार ओलांडलं की मागे वळून, आत शिरताना उजव्या हाताला असलेल्या भिंतीची आतली बाजू जरूर बघा. तिला टेकून कच्च्या विटांचा ढिगारा उभा आहे. बांधकामासाठी रचलेल्या उताराचा तो अवशेष. द्वार अपुरंच राहिलं, म्हणून तो काढला गेला नाही. एवढे दगड वर कसे चढले, याचं उत्तर तिथे डोळ्यांसमोर असतं.

लक्सरचं मंदिर मुख्यतः तिसरा आमेनहोतेप आणि दुसरा रामसेस या राजांनी बांधलेलं. आकाराने लहान, समजायला सोपं. ओपेत या वार्षिक उत्सवात कर्नाकहून आमून, त्याची पत्नी मूत आणि मुलगा खोन्सू यांच्या मूर्ती इथे येत. मूर्ती ठेवलेल्या नौका पुजारी पालखीसारख्या खांद्यावर वाहत. ही मिरवणूक स्तंभमार्गाच्या भिंतींवर तुतनखामून राजाच्या काळात कोरली गेली. रामसेसच्या प्रांगणात अबू हग्गाग मशीद आहे, आजही वापरातली. तिचं एक जुनं दार जमिनीपासून कितीतरी वर अधांतरी दिसतं, कारण मशीद बांधली तेव्हा प्रांगण तेवढ्या उंचीपर्यंत गाडलेलं होतं.

ओळखायची खूण सोपी आहे. दारात मेंढ्याच्या तोंडाच्या स्फिंक्सांची, म्हणजे सिंहाच्या धडाच्या पुतळ्यांची, रांग असेल तर कर्नाक. दारात एकच ओबेलिस्क, म्हणजे टोकदार चौकोनी दगडी स्तंभ, असेल तर लक्सर. त्याचा जोडीदार 1836 पासून पॅरिसमध्ये उभा आहे. दोन्ही मंदिरांना जोडणारा सुमारे 2.7 किलोमीटरचा स्फिंक्समार्ग नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा खुला झाला.

कर्नाकला सकाळी उघडताच जा, ऊन आणि गर्दी दोन्ही टळतात. लक्सर संध्याकाळी बघा, दिव्यांच्या तिरप्या उजेडात कोरीवकाम उठून दिसतं. आणि हातात फक्त तासभर असेल, तर बहुतेक लोक कर्नाक सुचवतील, मी लक्सर सुचवेन. कर्नाकला निदान अर्धा दिवस द्यायलाच हवा.