अमेरिकेत पॅरामेडिकची परीक्षा: १०८ वरचा अनुभव चालतो का?

१०८च्या गाडीवर काही वर्षं काढलेला माणूस अमेरिकेत पोहोचला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: माझा अनुभव धरतील का? अर्जात नाही धरत. शिकताना मात्र तो पदोपदी कामाला येतो.

परीक्षा घेते नॅशनल रजिस्ट्री, म्हणजेच एनआरईएमटी. १९७० साली सुरू झालेल्या या संस्थेचं मुख्यालय ओहायोतल्या कोलंबसमध्ये आहे. तिचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, परवाना प्रत्येक राज्य आपापला देतं. त्यामुळे सुरुवात आपल्या राज्याच्या ईएमएस (आपत्कालीन वैद्यकीय सेवा) कार्यालयाचे नियम वाचून करा.

पॅरामेडिकच्या अर्जाआधी ईएमटी (रुग्णवाहिकेवरची त्याखालची पायरी) असणं लागतं, रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र किंवा राज्याचा परवाना, काहीही चालेल. त्यानंतर सीएएएचईपी या आरोग्य अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला (किंवा त्या वाटेवर असल्याचं अधिकृत पत्र मिळालेला) पॅरामेडिक अभ्यासक्रम, तोही गेल्या दोन वर्षांत पूर्ण केलेला. भारतातला डिप्लोमा याची जागा घेत नाही. सोबत आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीचं चालू सीपीआर कार्ड हवं. पूर्वी एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर ते लपवू नका.

अर्ज ऑनलाइनच भरायचा. खात्यावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळलं पाहिजे. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे, कधी शेवटी, कधी गायबच असतं, तेव्हा हे आधी तपासा, नाहीतर पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षा केंद्रातून परत फिरावं लागेल. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची खात्री तुमचा प्रोग्रॅम डायरेक्टर संकेतस्थळावर देतो. तो विसरला की अर्ज तिथेच अडकतो, म्हणून संकोच न करता आठवण करा. मग मिळणारं परीक्षेचं अनुमतिपत्र ९० दिवस चालतं. नापास झालात तर पुढच्या प्रयत्नाआधी १५ दिवस थांबायचं, आणि तीनदा हुकलं तर उजळणीचा अभ्यासक्रम करून मगच पुन्हा.

खरा बदल झालाय तो प्रात्यक्षिकात. पूर्वी डायनॅमिक कार्डिओलॉजी नावाच्या टेबलावर उमेदवाराच्या हाती मॉनिटर-डिफिब्रिलेटर (हृदयाची लय दाखवणारं आणि शॉक देणारं मशीन) देत, स्क्रीनवरची लय बदलत जाई आणि परीक्षक बघत उभा. रजिस्ट्रीची ती परीक्षा ३० जून २०२४ नंतर बंद झाली. आता तुमचा हात बसलाय की नाही हे अभ्यासक्रमातल्या नोंदी सांगतात: प्रयोगशाळा, रुग्णालय आणि शेवटी गाडीवरची इंटर्नशिप, जिथे कॉलची सूत्रं तुम्ही सांभाळायची असतात. माझ्या मते हे बरंच झालं, कारण काही मिनिटांच्या नाटकापेक्षा शंभर कॉल जास्त खरं बोलतात.

पण म्हणूनच नोंदवही आळसात भरू नका. नुसतं 'ईसीजी काढला' पुरत नाही. बारा लीडचा होता का, लय कोणती वाचलीत, शॉक सिंक करून (हृदयाच्या ठोक्याशी वेळ जुळवून) दिलात की सिंकशिवाय, पेसिंगला (विजेच्या झटक्यांनी हृदय चालवताना) नाडी लागली का, कॅप्नोग्राफीचा (उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या मोजणीचा) आकडा काय होता, हे त्याच शिफ्टमध्ये लिहा आणि प्रिसेप्टरची (गाडीवर शिकवणाऱ्या अनुभवी सहकाऱ्याची) सही घ्या. अनेक मशीन एका शॉकनंतर सिंकमधून आपोआप बाहेर पडतात, दुसऱ्या शॉकआधी बटण पुन्हा दाबावं लागतं. मॉनिटर रोज हाताळलेल्या माणसाची बोटं इथे चुकत नाहीत, १०८ची वर्षं वसूल होतात ती अशी.

पास झाल्यावर राज्याकडे परवान्याचा वेगळा अर्ज. प्रमाणपत्राचं नूतनीकरण दर दोन वर्षांनी ३१ मार्चपर्यंत, त्यासाठी ६० तासांचं शिक्षण दाखवायचं: ३० राष्ट्रीय विषयांचे, १५ स्थानिक आणि १५ तुमच्या पसंतीचे.