मायक्रॉनभर ऑइल आणि अडीच टनांची गाडी

एप्रिल २०२५मध्ये जनरल मोटर्सने इंजिनातल्या दोषामुळे अमेरिकेतल्या सुमारे ६ लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत शेव्हरोले टाहो, सबर्बन, जीएमसी युकॉन अशा अख्खं कुटुंब सामानासकट बसेल एवढ्या मोठ्या गाड्या होत्या. त्याच ६.२ लिटरच्या, आठ सिलिंडरच्या इंजिनाचे पिकअपही होते. या इंजिनाशी संबंध असू शकेल अशा २८ हजारांहून अधिक तक्रारी आणि घटना कंपनीच्या नोंदींत सापडल्या. त्यांपैकी १४ हजारांहून अधिक नोंदींत चालत्या गाडीची ताकदच गेल्याचं म्हटलं होतं.

बिघाड होता तो बेअरिंगचा.

इंजिनात स्फोट होतो तेव्हा दट्ट्या (पिस्टन) खाली ढकलला जातो. दट्ट्याचा व्यास १० सेंटिमीटर आणि सिलिंडरमधला दाब हवेच्या दाबाच्या ७० पट धरला, तर तो धक्का साडेपाच टनांच्या आसपास भरतो. मिनिटाला २००० फेरे होत असतील, तर प्रत्येक सिलिंडर असा धक्का सेकंदाला सोळा-सतरा वेळा देतो. तो कनेक्टिंग रॉडमधून क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्यावर पोचतो, आणि दोघांच्या मध्ये बेअरिंगची पातळ अर्धगोल पट्टी असते. सगळं नीट चालत असताना धातू धातूला टेकतच नाही. मध्ये ऑइलचा थर असतो. भार सर्वांत जास्त असतो त्या क्षणी या थराची जाडी जेमतेम मायक्रॉनभर उरते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

एवढा पातळ थर टनांचा भार कसा पेलतो, हे कळायला माणसाला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८८३च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल सोडायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर ऑइल आत जाण्याऐवजी त्यातून बाहेर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, तेही उडालं. दाबमापक लावल्यावर दिसलं की आतला दाब बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे फिरणारा आस स्वतःच ऑइल ओढून अरुंद फटीत कोंबत होता आणि त्या कोंडलेल्या ऑइलवर तरंगत होता. यामागचं गणित ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६मध्ये मांडलं. बेअरिंगची रचना आजही त्याच समीकरणाच्या आधाराने होते. भर पावसात वेगातल्या गाडीचं टायर पाण्याच्या थरावर चढून रस्ता सोडतं, त्यातही हेच घडतं. फक्त तिथे ते नको असतं.

हा थर तीन गोष्टींवर टिकतो: फिरण्याचा वेग, ऑइलचा दाटपणा आणि वरचा भार. वजनदार गाडी ट्रेलर जोडून कमी फेऱ्यांवर चढ चढते, तेव्हा भार वाढलेला आणि वेग कमी असतो, म्हणजे थर पातळ होतो. अशा वेळी क्रँकशाफ्टचा पृष्ठभाग हवा तितका गुळगुळीत नसेल, मापात फरक असेल किंवा ऑइलच्या वाटेत कचरा राहिला असेल, तर उंचवटे किंवा कण थर भेदून पट्टीला ओरखडे पाडतात. ओरखडा पडला की तिथे घर्षण होतं, उष्णता वाढते, त्या उष्णतेने ऑइल आणखी पातळ होतं आणि नुकसान स्वतःच स्वतःला वाढवत नेतं. शेवटी इंजिन जाम होतं किंवा रॉड तुटून ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं कवच, फोडून बाहेर येतो. जनरल मोटर्सच्या प्रकरणात नेमकी हीच कारणं पुढे आली: मापाबाहेरचे क्रँकशाफ्ट आणि ऑइलच्या वाटांतला गाळ. त्याआधी २०२४मध्ये टोयोटाने टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या. तिथे इंजिन बनवताना आत राहिलेला धातूचा कीस कारणीभूत होता.

तपासणीत जी इंजिनं ठीक निघतील त्यांच्यासाठी जनरल मोटर्सने उपाय सांगितला तो ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलऐवजी ०डब्ल्यू-४० हे दाट ऑइल भरण्याचा. गरम इंजिनात हे ऑइल साधारण दीडपट दाट असतं, त्यामुळे थर जाड होतो. उपाय शास्त्राला धरून आहे, पण मला तो पुरेसा वाटत नाही. जाड थराने कमी चुकीचा क्रँकशाफ्ट वाचेल, जास्त चुकीचा फक्त उशिरा मरेल. शिवाय पातळ ऑइल वापरण्यामागे इंधन वाचवण्याचा हेतू असतो. चुकीला पोटात घ्यायची जागा त्या बचतीत आधीच खर्ची पडलेली असते, आणि ही गोष्ट गाडी घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

महामार्गावर इंजिन बंद पडणं हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही. मागून वेगाने वाहनं येत असतात. ब्रेकवरच्या पायाचा जोर वाढवणारा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालत असेल, तर त्यात एक-दोन वेळा पुरेल एवढाच साठा उरतो. म्हणून पेडल पुन्हापुन्हा न मारता एकदाच जोरात दाबून धरावं. हायड्रॉलिक स्टिअरिंग लगेच जड होतं, पण वळतं. दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. गाडी थांबेपर्यंत किल्ली काढू नये, स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. ऑइलचा लाल दिवा लागला तर पुढच्या गॅरेजपर्यंत जाण्याचा विचारही करू नये. तो दिवा दाब गेल्याचं सांगतो, आणि दाब नसलेलं बेअरिंग फार वेळ तग धरत नाही. फेऱ्यांबरोबर वाढणारा खोल ठकठक आवाज आणि काढलेल्या ऑइलमधली चमकणारी धातूची भुकटी याही तशाच गंभीर खुणा आहेत.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने जानेवारी २०२५मध्ये जनरल मोटर्सच्या या इंजिनाची चौकशी सुरू केली, तेव्हा तिच्याकडे थेट आलेल्या तक्रारी सुमारे ४० होत्या. कंपनीकडच्या हजारो नोंदींपुढे हा आकडा किरकोळ दिसतो, तरी चौकशीला तोच आधार ठरला. बहुतेक मालक डीलरशी भांडतात, इंजिन बदलून घेतात आणि तिथेच थांबतात. सरकारकडे केलेली तक्रार मात्र इतर गाड्यांच्या तक्रारींशी जुळवून पाहिली जाते. त्यासाठी तिच्यात रागापेक्षा तपशील हवा: चासी नंबर, किलोमीटर, त्या वेळचा वेग, आधी कोणता दिवा लागला की काहीच लागलं नाही, आवाज कसा होता, ब्रेक आणि स्टिअरिंगचं काय झालं, ऑइल शेवटचं कधी बदललं. आणि खोललेल्या इंजिनातल्या बेअरिंगच्या पट्ट्यांचे फोटो, त्या भंगारात जाण्याआधी काढलेले.