मेटालेन्सची ऑर्डर देण्यापूर्वी: नॅनोखांबांच्या शेजाराविषयी

मेटालेन्स म्हणजे सपाट पृष्ठावर उभ्या केलेल्या, प्रकाशाच्या तरंगलांबीहून बारीक खांबांनी (नॅनोखांबांनी) प्रकाश वळवणारी लेन्स. ती बनवून घेण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्या डिझाइन फाइलमध्ये बहुधा एकच तक्ता असतो: नॅनोखांब कुठे उभा करायचा आणि किती अंशांनी फिरवायचा. तेवढ्यावर लेन्स बनते, पण सांगितल्याप्रमाणे चालतेच असे नाही. का, ते इथे देत आहोत.

वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याचे विद्युतक्षेत्र पुढे जाताना गोल फिरते असा प्रकाश, खांबातून जाताना त्याच्या ज्या भागाची फिरण्याची दिशा उलटते, त्याला खांबाच्या कोनाच्या दुप्पट फेज (लहरीचे पुढे-मागे सरकणे, अंशांत) मिळते. खांब 45 अंश फिरवला की फेज 90 अंश सरकते. हीच भौमितिक फेज. तिचा पाया एस. पंचरत्नम यांनी 1956 मध्ये, वयाच्या 22व्या वर्षी, बंगळुरात घातला. हिचा मोठा गुण असा, की सगळ्या खांबांची उंची थोडी कमी-जास्त झाली तर दिशा उलटलेला प्रकाश घटतो, फेज मात्र ठरल्याप्रमाणेच राहते.

शेजाराच्या बाबतीत ही सवलत नाही. प्रकाशाचे क्षेत्र खांबाच्या भिंतीपाशी थांबत नाही, थोडे बाहेर पसरते आणि शेजारच्या खांबापर्यंत पोहोचते. खांब फिरवला तरी खांबांच्या जागांची जाळी तशीच राहते. त्यामुळे हे क्षेत्र शेजाऱ्यात किती मिसळते ते कोनागणिक बदलते, आणि दुप्पट कोनाचा हिशेब चुकतो. दिशा न उलटलेला प्रकाशही वाढू शकतो. तो सरळ पुढे जातो आणि प्रतिमेवर धूसर पडदा येतो.

सर्वात जास्त त्रास कडेला. 532 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश, 0.8 न्यूमेरिकल अपर्चर (लेन्स किती रुंद कोनातला प्रकाश एकवटते त्याचे माप) आणि दोन खांबांच्या केंद्रांत 325 नॅनोमीटर अंतर घेतले, तर कडेला शेजारचे दोन खांब एकमेकांशी जवळजवळ 88 अंशांचा कोन करतात. मध्यभागी ते जवळपास समांतर असतात. नेहमीचे सॉफ्टवेअर मात्र एक खांब घेते आणि सगळे शेजारी त्याच कोनात उभे आहेत असे धरते. मध्यासाठी हे चालून जाते, कडेसाठी नाही.

मग अंतर वाढवावे? याच उदाहरणात 332 नॅनोमीटरच्या पुढे गेलात, तर कडेला फेजच्या एका आवर्तनात (360 अंशांत) दोन खांबही बसत नाहीत. त्यापेक्षा जास्त अपवर्तनांकाचे, म्हणजे प्रकाशाचा वेग अधिक कमी करणारे द्रव्य बरे, कारण क्षेत्र खांबातच राहते. दृश्य प्रकाशासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, अवरक्तासाठी सिलिकॉन. दृश्य प्रकाशात सिलिकॉन शोषून घेतो, म्हणून स्वस्त असला तरी आम्ही तो सुचवत नाही.

1 मिलिमीटर व्यासाच्या लेन्समध्ये याच अंतराने सुमारे 74 लाख खांब येतात. सगळ्यांचे एकत्र गणित परवडत नाही. म्हणून मध्य, मधला पट्टा आणि कड यांच्या पट्ट्या खऱ्या शेजाऱ्यांसकट तपासाव्यात, आणि फेज जिथे सरकते तिथे कोन दुरुस्त करावेत.

तक्त्यासोबत तरंगलांबी, खांबांची मापे, द्रव्य आणि प्रकाश उजव्या फिरतीचा की डाव्या, हे जरूर कळवा. शेवटची बाब लोक विसरतात, आणि एका फिरतीला एकवटणारी ही लेन्स दुसऱ्या फिरतीला पसरवते.