ताफ्याची नोंद कोणासाठी? जोडलेल्या वाहनांची पार्श्वभूमी

गाडी आत्ता कुठे आहे हे मालकाला कळू लागले त्याच्या बरेच आधी ती किती वेळ चालली हे कळत होते. युरोपात जड वाहनांसाठी टॅकोग्राफ सक्तीचा करणारा नियम १९७० साली झाला. मेणाचा थर दिलेली एक कागदी चकती २४ तासांत एक फेरी पूर्ण करायची आणि तीन सुया तिच्यावर ओरखडे काढायच्या: एक वेगाचा, एक काम की विश्रांती याचा आणि एक अंतराचा. अंतराची रेघ नागमोडी असे. एक चढ आणि एक उतार म्हणजे १० किलोमीटर. सुई किंचित वाकवली की वेग कमी उमटतो हे चालकांना लवकरच कळले, आणि ओरखड्यांतली ही चलाखी ओळखण्यात तपासनीसही तरबेज झाले. नव्या गाड्यांतून ही चकती गेली ती थेट मे २००६ मध्ये, डिजिटल टॅकोग्राफ आणि चालकाचे कार्ड आल्यावर.

‘टेलिमॅटिक्स’ हा शब्द १९७८ च्या एका फ्रेंच सरकारी अहवालातला. दूरसंचार आणि संगणक यांच्या संयोगासाठी तो घडवला होता, आणि त्यात ट्रकचा संबंध नव्हता. आज वाहतूक धंद्यात त्याचा अर्थ आकसून गाडीची जागा आणि स्थिती कचेरीला कळवणाऱ्या डॅशबोर्डखालच्या डबीपुरता उरला आहे.

ही डबी एका दिवसात आली नाही. १९८८ पासून अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या ट्रकांवर उपग्रहाशी बोलणारे अँटेना दिसू लागले. चालक गाडीतूनच मजकूर पाठवू लागला आणि कचेरीत फोन करण्यासाठी वाटेत थांबणे कमी झाले. जीपीएस १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाले, तरी नागरी वापरासाठी त्यात मुद्दाम चूक मिसळलेली होती. २ मे २००० रोजी ती काढून टाकली आणि सुमारे १०० मीटरची ढोबळ जागा १०-२० मीटरवर आली. गाडी महामार्गावर आहे की शेजारच्या गोदामाच्या आवारात, हे त्या दिवसापासून सांगता येऊ लागले. दुसरी अडचण इंजिनाची होती. प्रत्येक उत्पादकाची भाषा वेगळी होती. २००२ मध्ये युरोपातल्या मोठ्या ट्रक उत्पादकांनी डिझेलचा खप, इंजिनाचे फेरे, ब्रेक अशी निवडक माहिती एकाच साच्यात बाहेर द्यायचे ठरवले आणि मिश्र ताफा एका पडद्यावर पाहणे शक्य झाले.

इथवरचा प्रवास धंद्याच्या सोयीने झाला. खरा वाद पेटला तो अमेरिकेत, चालकाच्या कामाच्या तासांची नोंद यंत्राकडे सोपवण्यावरून, आणि पुढे जे आले ते समजायला तो वाद नीट पाहावा लागतो.

तिथे चालक वर्षानुवर्षे कागदी लॉगबुक भरत होते. मालवाहू ट्रकला दिवसाकाठी ११ तास चालवण्याची मुभा, आणि तीही कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत. गोदामापाशी माल भरायला चार तास खोळंबा झाला तरी ते चार तास या १४ मधूनच जातात. कागदावर ते सावरून घेता येत असे. त्याला फसवणूक म्हणणे सोपे आहे. पण खोळंब्याचा भार ज्याने घडवला त्याच्यावर न पडता चालकाच्या वहीवर पडत होता, हेही तितकेच खरे.

२०१० मध्ये नियम आला की ज्या कंपन्यांच्या नोंदींत गंभीर उल्लंघने आढळतील त्यांनी इलेक्ट्रॉनिक यंत्र बसवावे. चालकांच्या बाजूने आव्हान दिले गेले आणि ऑगस्ट २०११ मध्ये अपील न्यायालयाने नियम रद्द केला. कारण अतिशय मोलाचे होते: अशा यंत्राचा वापर चालकाच्या छळासाठी होणार नाही याची काळजी घेण्याचे बंधन कायद्यातच होते, आणि नियम करणाऱ्यांनी त्याचा पुरेसा विचार केलेला नव्हता. २०१२ मध्ये संसदेनेच कायद्याने यंत्राची सक्ती करायला सांगितले. नवा नियम डिसेंबर २०१५ मध्ये निघाला, १८ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि जुन्या यंत्रांची सवलत १६ डिसेंबर २०१९ ला संपली.

न्यायालयात उपस्थित झालेला प्रश्न यंत्राच्या रचनेत उतरला. गाडीने ताशी ५ मैलांचा वेग गाठला की नोंद आपोआप ‘चालवत आहे’ होते. पण चालक झोपण्याच्या कप्प्यात असताना यंत्राचा आवाज बंद किंवा कमी करता आलाच पाहिजे. कचेरी नोंदीत दुरुस्ती सुचवू शकते, मात्र चालकाच्या मान्यतेशिवाय ती लागू होत नाही. आपोआप नोंदलेला चालवण्याचा वेळ कुणालाच कमी करता येत नाही. गाडी खासगी कामासाठी वापरली जात असेल तर जागेची अचूकता सुमारे १ मैलावरून १० मैलांवर आणली जाते. एका निकालामुळे यंत्राला झोपणाऱ्या माणसाचा विचार करावा लागला, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पाऊल वाटते.

परिणाम मात्र सरळ आले नाहीत. पुढच्या एका अभ्यासात दिसले की तासांचे उल्लंघन घटले, पण छोट्या कंपन्यांत अपघात कमी झाले नाहीत आणि भरधाव चालवण्यासारखे प्रकार वाढले. घड्याळ हलत नाही म्हटल्यावर माणूस वेग वाढवतो. वही जो ताठरपणा झाकत होती तो यंत्राने उघडा पाडला आणि सप्टेंबर २०२० मध्ये विश्रांतीचे नियम थोडे लवचीक करावे लागले.

त्यानंतरची वाटचाल झपाट्याची आहे. रस्त्याकडे पाहणारा कॅमेरा चालकाच्या चेहऱ्याकडेही वळला. डोळा मिटणे, हातात फोन, जांभई हे सगळे गुणांकात मोजले जाऊ लागले. कायद्याची यंत्रे ठरावीक नोंदीच करत; कॅमेऱ्याला तशी चौकट क्वचितच असते. टायरचा दाब, शीतपेटीचे तापमान, विजेच्या गाडीची उरलेली बॅटरी हेही त्याच जाळ्यात आले आणि बिघाड होण्याआधी गाडी दुरुस्तीला बोलावणे रुळले. या जाळ्याचे परावलंबन २०२२ मध्ये दिसले: अमेरिकेत थ्रीजी सेवा बंद झाली आणि ज्यांनी वेळेत यंत्रे बदलली नव्हती त्यांच्या धडधाकट गाड्या नकाशावरून नाहीशा झाल्या.

आता डबीही मागे पडते आहे. मॉडेम कारखान्यातूनच बसून येतो आणि माहिती आधी उत्पादकाकडे जाते, मग ताफ्याच्या मालकाकडे. युरोपात १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने जोडलेल्या वस्तूची माहिती मिळवण्याचा हक्क तिच्या वापरकर्त्याला दिला. वापरकर्ता म्हणजे गाडीचा मालक किंवा करारावर ती घेणारा. चाकामागे बसलेल्या पगारी चालकाला मात्र स्वतःविषयीच्या माहितीसाठी अजूनही वैयक्तिक माहितीच्या वेगळ्या कायद्याकडेच जावे लागते.