बोट लागणे : पोटाकडून कानाकडे, कानाकडून श्वासाकडे

पुण्याहून कोकणात उतरताना ताम्हिणी किंवा वरंध घाट आला की कुणाला ना कुणाला गाडी लागतेच, आणि पुढे जंजिऱ्याच्या होडीत बहुधा तोच माणूस पुन्हा आडवा होतो. बरोबर आवळा सुपारी, लिंबू, आलेपाक असतो. हुशार मंडळी निघण्याआधीच ॲव्होमिन घेतात. मागच्या सीटवरून 'लांब श्वास घे' हा सल्लाही मिळतो. त्यात तथ्य किती, हे नीट मोजायला विसावं शतक सरत यावं लागलं.

सुरुवातीला सगळा दोष पोटावर होता. डार्विन १८३१ मध्ये 'बीगल'वर चढला आणि झोळीत पडून बिस्किटं-बेदाण्यांवर दिवस काढू लागला. ॲडमिरल नेल्सनलाही आयुष्यभर बोट लागायची, तेव्हा सवयीने सगळं जातं हेही पूर्ण खरं नाही. रोख कानाकडे वळवला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने. १८८२ मध्ये त्याने ५१९ मूकबधिरांची माहिती मांडली : गरागरा फिरवूनही त्यांतल्या १८६ जणांना अजिबात चक्कर आली नाही. हार्वर्डच्या दोनशेएक विद्यार्थ्यांत असा एकच निघाला. म्हणजे ऐकू येण्याशी नव्हे, पण आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाशी याचा संबंध होता. कान आणि डोळे परस्परविरोधी खबर देतात म्हणून मळमळतं, ही आजची मांडणी त्याच वाटेवरची.

औषध मिळालं ते निव्वळ योगायोगाने. बाल्टिमोरमध्ये अंगावर पित्त उठलेल्या एका बाईला ॲलर्जीची नवी गोळी दिली, तर तिला नेहमी लागणारी ट्राम लागेनाशी झाली. डॉक्टरांनी मग सैनिकांनी भरलेल्या बोटीवर तिची चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये या गोळीचा, म्हणजे ड्रामामाइनचा, निष्कर्ष छापून आला. गोळी लागू पडते, पण झोपही येते.

श्वासाचा विचार यानंतरचा. साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणारी हालचाल माणसाला सर्वांत जास्त मळमळवते, हे १९७० च्या दशकात प्रयोगांतून दिसलं होतं. मिनिटाला बारा हेलकावे झाले. आपला निवांत श्वासही साधारण याच गतीने चालतो. १९९९ मध्ये अमेरिकन संशोधकांनी डोळ्यांपुढे पट्ट्यांचा पिंप फिरवून लोकांना मळमळायला लावलं. एरवी मिनिटाला तीनच्या आसपास असणारी जठराची लय अशा वेळी बिघडून वेगावते. सावकाश खोल श्वास घेणाऱ्यांची ती कमी बिघडली. २००३ मध्ये लंडनच्या गटाने श्वासावर लक्ष ठेवणं आणि गाणी ऐकणं यांची परीक्षा घेतली. दोन्हींचा उपयोग झाला, साधारण औषधाच्या निम्मा. गाण्यांचा निकाल अंताक्षरीवाल्यांना सुखावेल!

माझ्या मते खरी गंमत २००९ च्या प्रयोगात आहे. हलत्या खुर्चीवर बसवलेल्यांपैकी ज्यांनी श्वास हेलकाव्याच्या तालात न मिसळता वेगळा ठेवला, त्यांना मळमळ उशिरा सुरू झाली. नुसता 'लांब श्वास' म्हणूनच अर्धा सल्ला ठरतो. लाटेबरोबर श्वास वाहू द्यायचा नाही, हा उरलेला अर्धा. कारण म्हणून मांडलेला अंदाज असा की, गुरुत्वाकर्षणाची जाणीव कानाप्रमाणे पोटातल्या अवयवांनाही असते. होडीबरोबर ते हिंदकळतात, आणि श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, आपल्या हुकमात असलं तर ते हिंदकळणं आटोक्यात राहतं.

श्वासपटलाचं हे काम आपल्या पुणे जिल्ह्याला अनोळखी नाही. लोणावळ्यात १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना श्वासपटल किती वर चढतं, पोटातला दाब किती उतरतो, हे क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं होतं. त्यांचा प्रश्न योगाचा होता, बोटीचा नव्हे. पण श्वासाला उपकरण लावायची कल्पना इथे तेव्हापासून रुळली होती.

गोळी अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते. श्वास मोजायला होडी सुटल्यावरही सुरुवात करता येते, आणि सुकाणू धरणाऱ्याला त्याने झोप येत नाही.